बुधवारची फेरी

बुधवार, ५ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. हे वाचताय म्हणजे पाकीट फोडलंत. माझं अक्षर ओळखूनही फोडलंत, तेव्हा अर्धं काम झालं असं मी धरून चालतो. आत पैशाची मागणी नाही, आजारपण नाही, रडगाणं तर नाहीच.

आज बुधवार आहे आणि आज आपली बोट गेली. खरोखरची गेली. सकाळी सात वाजता कप्तानाने दोर सोडला, सिस्टर लसींची पेटी मांडीवर घेऊन बसल्या, आणि मी धक्क्यावर उभा राहून लहान पोरासारखा हात हलवत राहिलो. कप्तान म्हणाला, ‘साहेब, आम्ही संध्याकाळी परत येणार आहोत.’

परवा नव्या हिशेबनीस बाईंना जुनी पद्धत समजावत होतो. म्हटलं, आपल्या दवाखान्याच्या बोटीला तीन मदत संस्थांचे पैसे येतात. निळ्या फायलीवाले लसींचे देतात, हिरव्या फायलीवाले बाळांच्या वजनाचे, पिवळ्या फायलीवाले गरोदर बायकांच्या तपासणीचे. बोट एक, सिस्टर एक, तलावापलीकडच्या वस्त्या त्याच पाच, आणि पुष्कळदा बाईसुद्धा तीच, कडेवर एक आणि पोटात दुसरं. पण तिघांचे फॉर्म वेगळे, बँकेतली खाती वेगळी, तपासायला येणारे साहेब वेगळे, आणि डिझेलची मूळ पावती तिघांनाही हवी. एक खर्च तिघांत वाटला असं लिहायला कुणाच्याच फॉर्मवर जागा नव्हती. बाईंनी विचारलं, ‘मग तुम्ही काय करायचात?’ म्हटलं, चाळीस लिटर डिझेलच्या तीन पावत्या करायचो. त्या म्हणाल्या, ‘चाळीसला तीनने भाग जात नाही.’ मला हसू आलं, कारण पहिल्या दिवशी तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात.

चौदा, तेरा, तेरा. तो जास्तीचा एक लिटर तुम्ही दर आठवड्याला पाळीपाळीने फिरवायचात, कुणावर अन्याय नको म्हणून. आणि एकाच दिवशी तीन पावत्या शोभत नाहीत, म्हणून एक मंगळवारची, एक बुधवारची, एक गुरुवारची. कागदावर आपली बोट आठवड्यातून तीनदा जायची. खरी जायची ती फक्त मंगळवारी, आणि बुधवार-गुरुवार आपण सगळे कचेरीत बसून तीन रंगांचे फॉर्म भरायचो. पैशाचा हिशेब पैशापर्यंत चोख होता. खोट्या होत्या त्या तारखा.

आता तिघांचा फॉर्म एक, खातं एक, तपासणी एक. वर्षाचा आराखडा मान्य झाला की तीन महिन्यांचे पैसे आगाऊ येतात. मागच्या महिन्यात तिघांच्या वतीने आपल्याला ‘कमी जोखीम’ असा शेरा मिळाला. कागदांतून सुटलेल्या दोन दिवसांपैकी एक आज पाण्यावर गेला, पुढच्या महिन्यात गुरुवारही जाईल. आणि हे सगळं तुमच्या कच्च्या वहीमुळे झालं. सव्वादोन वर्षांपूर्वी तिघांनी मिळून पहिल्यांदाच नेमलेल्या तपासनीसांनी तिन्ही फायली शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा तुम्ही उठून कपाटातली कच्ची वही त्यांच्यासमोर ठेवलीत. खरी फेरी कधी गेली, किती डिझेल लागलं, किती बाळं मोजली, सगळं तीत होतं. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. आज तुमचे आभार मानायला बसलोय. मी मात्र त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दुसरी गोष्ट. पुतणीचा फोन आला होता. तुमच्या तिथल्या रुग्णालयात हिशेबनीसाची जागा तुम्हाला जवळजवळ मिळाली होती, पण तिथेही हिरव्यांचे पैसे आहेत, आणि आता तिघांचं दफ्तर एक असल्यामुळे आपल्या त्या जुन्या अहवालातली ओळ त्यांनाही दिसते. ‘हिशेबनीसांनी तारखा खोट्या घातल्या.’ एप्रिलअखेर निर्णय आहे म्हणे. म्हणून सोबत तुमच्या कामाचं प्रशस्तिपत्र जोडलंय, संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून. तेवढं पुरावं.

तुमचा,
भाऊजी


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय वहिनी,

मी पत्र पाठवलं आणि तुम्ही ते तपासून परत पाठवलंत. पाकीट फोडलं, पत्र उलगडलं. तीच तांबडी पेन्सिल, तीच उजवीकडे झुकलेली बारीकशी बरोबरची खूण. सोबत चार ओळी तरी असतील म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. काही नाही.

कचेरीत तुमची रीत सगळ्यांना पाठ होती. खूण म्हणजे पुराव्याशी जुळलं. गोल म्हणजे खुलासा हवा. आणि मूळ कागद ठेवून घेतला असेल तर कोपऱ्यात ‘मूळ ठेवली’. माझ्या पत्रात चाळीस लिटरला खूण आहे, चौदा-तेरा-तेराला खूण आहे. तुम्ही कधी न पाहिलेल्या नव्या बाईंच्या वाक्यालासुद्धा खूण आहे, ती कशाच्या आधारावर केलीत देव जाणे. आणि ‘चकार शब्द काढला नाही’ या शब्दांभोवती गोल. प्रशस्तिपत्रावर तर काहीच नाही, ना खूण ना गोल. म्हणजे ते तुम्ही तपासण्याच्याही लायकीचं धरलं नाहीत.

आधी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय व्हाउचर आहे का? सिस्टरना दाखवलं. त्या वाचून म्हणाल्या, ‘गोल बरोबर आहे.’ आणि सिरिंज मोजायला निघून गेल्या.

बरं. बोललो मी त्या दिवशी. गडबडीत काहीतरी बोललो. नक्की काय, ते आता आठवत नाही. धाबं दणाणलं होतं, समोर तिन्ही संस्थांचा मिळून एक माणूस बसलेला, त्याने एक शेरा मारला की तिन्हीकडचे पैसे एकदम बंद. पूर्वी एक रुसला तर उरलेले दोघे असायचे. आणि तुम्हालाही माहीत आहे, तारखा वेगळ्या दाखवायचं हे काही कुणाच्या मनातलं पाप नव्हतं, ती त्या वेळची गरज होती, तसं ठरलं होतं.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शेरा ‘जास्त जोखीम’ आला. म्हणजे आगाऊ काही मिळणार नाही, आधी खर्च करा, पावत्या दाखवा, मग बघू. आधी खर्च करायला आपल्याकडे काय होतं? चार महिने बोट धक्क्याला बांधून होती. सिस्टर काठाकाठाने चालत जवळच्या दोन वस्त्यांपर्यंत जायच्या, पुढच्या तीन तशाच राहिल्या. मी त्या चार महिन्यांत रोज सगळ्यांना ऐकवायचो की वहिनींनी आपल्याला बुडवलं.

मग कळलं की तपासनीसांनी तुमची कच्ची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. अहवालाच्या शेवटी त्यांनी वेगळी टीप जोडली: यात पैसा कुठे गेलेला नाही, एका फेरीचा खर्च तिघांत दाखवायची सोय आपल्याच फॉर्मांत नाही. त्या टिपेमुळे चार महिन्यांनी पैसे पुन्हा सुटले आणि वर्षाच्या आत नवा फॉर्म आला. त्यात ‘सामायिक खर्च’ असा रकाना आहे. आपल्यासारख्या आणखी कितीतरी छोट्या संस्था आता तो भरतात. त्यांना तुमचं नाव माहीत नाही. मी नव्या बाईंना सांगतो की हा रकाना आमच्या वहिनींचा.

आणि एक सांगायचं राहिलं. परवाच्या बुधवारी चौथ्या वस्तीत एक बाई भेटली, सातवा महिना, पाय सुजलेले, रक्तदाब इतका की सिस्टरनी यंत्र बिघडलं असेल म्हणून दोनदा बघितला. तिला तशीच बोटीत घालून इकडे आणली. आता बरी आहे. सिस्टरनी विचारलं, ‘आधी कधी दिसली नाहीस ती?’ ती म्हणाली, ‘मंगळवारी आम्ही मासळी घेऊन बाजाराला जातो. मंगळवारी वस्तीत असतं कोण?’ वहिनी, इतकी वर्षं आपण मंगळवारी जात होतो. तिच्याबरोबर अशा अकरा बायका निघाल्या.

तुमचा,
भाऊजी


सोमवार, ७ एप्रिल

वहिनी,

तुम्ही परत पाठवलेलं दुसरं पत्र शनिवारी मिळालं. बाजारच्या बायकांच्या मजकुराला तुम्ही दोन खुणा केल्या आहेत, एकीवर एक. असं तुम्ही कधी करत नव्हतात. पण गोलही दोन आहेत, एक ‘आठवत नाही’ला आणि एक ‘ठरलं होतं’ला. दुसरा तर पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत दाबून काढलाय.

दोन दिवस कागद टेबलावर तसेच पडून होते. एप्रिलअखेरीला फार दिवस नाहीत. सारवासारव करणारं आणखी एक पत्र लिहायला घेतलं होतं, ते अर्ध्यावर फाडलं. आता जे झालं ते लिहितो. तपासून बघा.

ठरलं वगैरे काही नव्हतं. मी ठरवलं. तुम्ही पहिल्याच महिन्यात येऊन सांगितलंत की हे मला पटत नाही, आपण तिघांनाही पत्र लिहून विचारू. मी म्हणालो, विचारलं तर नाही म्हणतील आणि पैसे अडकवतील, तुम्ही दादाच्या जागी आलाय, त्याच्यासारखंच जरा धीराने घ्या. दादाचं नाव मध्ये आणलं की तुमची बोलती बंद होते हे मला माहीत होतं, म्हणून आणलं. त्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘मग लिहून द्या, भाऊजी.’ मी फॉर्मच्या पाठकोऱ्या तुकड्यावर लिहून दिलं: ‘बुध-गुरु दाखवा. डिझेल तिघांत. बाकी मी बघतो.’ खाली सही. तुम्ही ती चिठ्ठी कच्च्या वहीच्या पहिल्या पानाला टाचणीने लावलीत.

आता तो दिवस. तपासनीसांनी विचारलं, ‘सप्टेंबरच्या चौदा तारखेला, बुधवारी, बोट गेली होती?’ मी म्हणालो, ‘हो, गेली होती.’ ते म्हणाले, ‘बंदर कचेरीच्या नोंदीत त्या दिवशी वादळाचा बावटा आहे. एकही बोट सुटलेली नाही.’ मी म्हणालो, ‘मग बावटा लागायच्या आधी गेली असेल.’ तेवढ्यात तुम्ही खुर्ची मागे सारलीत.

तुम्ही कपाटाकडे गेलात. तुमची पाठ तपासनीसांकडे होती, पण मी बसलो होतो तिथून मला तुमचे हात दिसत होते. तुम्ही वही उघडलीत, टाचणी काढलीत, चिठ्ठीची घडी घातलीत आणि ती पर्समध्ये टाकलीत. मग वही आणून टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘साहेब, बोट मंगळवारीच जाते. बाकीचे दोन दिवस आम्ही कागदावर घालतो. खरी नोंद ही आहे.’

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्हाला हे माहीत होतं?’

मी म्हणालो, ‘हिशेब वहिनी बघतात. मला यातलं काही माहीत नाही. घरचं माणूस म्हणून विश्वास टाकला, काय करणार.’

हे शब्द मला सगळे आठवतात, वहिनी. नेहमीच आठवत होते. सिस्टर दारात उभ्या होत्या, त्यांनाही आठवतात. त्या म्हणाल्या, ‘शेवटचं वाक्य बोलला नसतात तर मी तुम्हाला माफ केलं असतं.’

मग त्यांनी तुम्हाला विचारलं, ‘असं करायला कुणी सांगितलं होतं?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘कुणी नाही. सोय म्हणून मीच केलं.’ तुमच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकुलतं एक खोटं. पर्स तुमच्या मांडीवर होती, चिठ्ठी पर्समध्ये होती. ती नुसती टेबलावर ठेवली असतीत तर अहवालात माझं नाव आलं असतं, आणि तुम्ही आज कुठेही मान वर करून कामाला लागला असतात. पण हिशेबनीस चुकला तर संस्थेला शेरा मिळतो, आणि चालवणाराच खोटा निघाला तर संस्थाच यादीतून जाते, तिन्ही ठिकाणांहून एकदम. हे तुम्ही कपाटापासून टेबलापर्यंतच्या सहा पावलांत ओळखलंत. बोट वाचवायची म्हणून तुम्ही ते स्वतःच्या अंगावर घेतलंत, आणि मी हात झटकून मोकळा झालो. वर चार महिने तुमच्याच नावाने खडे फोडले.

तुम्ही सामान बांधत होतात तेव्हा मी दारापर्यंत आलो होतो. ‘जाऊ नका’ एवढं म्हणायला आलो होतो. म्हणालो काय, तर ‘कपाटाच्या किल्ल्या ठेवून जा.’ त्या तुम्ही आधीच खिळ्याला लावल्या होत्यात.

आभार मानायचे ते कच्च्या वहीचे, असं मी आजवर मानत होतो. आभार त्या चिठ्ठीचे मानायला हवेत, जी तुम्ही दाखवली नाहीत. मी तुमचा फार ऋणी आहे. हे वाक्य लिहायला मला सव्वादोन वर्षं लागली.

उद्या तपासनीसांच्या कचेरीत जातो आहे. याच मजकुराचं निवेदन सही करून देणार. सिस्टरना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘बोट बंद पडली तर?’ म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, ‘आधी बुधवारची फेरी करून येऊ, मग बंद पडू दे.’ पण मी उद्याच जाणार आहे. बुधवारपर्यंत थांबलो तर माझं काय होईल ते मला ठाऊक आहे.

भाऊजी


गुरुवार, १७ एप्रिल

प्रिय वहिनी,

मागच्या पत्राचं उत्तर नाही, आणि ते परतही आलं नाही. टपालात हरवलं की तुम्ही चुलीत घातलं, कळायला मार्ग नाही. तरी पुढचं सांगणं भाग आहे.

मंगळवारी, आठ तारखेला, गेलो होतो. तपासनीसांच्या टेबलावर पूर्वी तीन रंगांचे तीन ट्रे असायचे, आता एकच आहे, बाकी काही बदललेलं नाही, पेन्सिली तशाच टोक करून ओळीने मांडलेल्या. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘चिठ्ठी कुठे आहे?’

‘वहिनींकडे असेल. फाडलीही असेल.’

‘मागवून घ्या.’

‘नाही मागणार,’ मी म्हणालो. ‘ती त्यांची आहे.’

‘मग तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून फक्त तुम्हीच.’

‘पुरेल का?’

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘एकवीस वर्षं झाली मला या कामात,’ ते म्हणाले. ‘असा पुरावा कुणी चालत घेऊन आलं नव्हतं.’ मग म्हणाले, ‘बाईंनी कुणाला तरी पाठीशी घातलंय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. वहीच्या पहिल्या पानाला टाचणीची दोन भोकं होती आणि कागद नव्हता. पण भोकांवर अहवाल लिहिता येत नाही.’ त्यांनी चहा मागवला. मला वाटलं, हा माणूस आता मला फासावर चढवणार आणि चहा पाजून चढवणार.

काल निकाल आला. ‘कमी जोखीम’चा शेरा काढून ‘मध्यम’ केलाय. पैसे तीन महिन्यांचे एकदम न येता महिन्याच्या महिन्याला येतील. चेकवर माझी एकट्याची सही चालणार नाही, सिस्टरचीही लागेल. जूनमध्ये न कळवता तपासणी होईल. गुरुवारच्या फेरीचे पैसे तूर्त थांबवलेत. मंगळवार आणि बुधवार तसेच राहिले. ते वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आज सिस्टरनी पहिल्या चेकवर सही करण्याआधी तो थर्मामीटरसारखा उजेडात धरून बघितला.

आणि तुमच्याविषयीची ओळ बदलली. आता तिथे असं आहे: ‘तारखा संस्थाचालकांच्या लेखी सूचनेवरून घातल्या गेल्या, हिशेबनीसांनी हरकत घेतली होती आणि खरी नोंद स्वतंत्र ठेवून तपासणीत आपणहून सादर केली.’ तपासनीसांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, काही बदल? मी म्हणालो, ‘आपणहून’ या शब्दाखाली रेघ मारता येईल का? ते म्हणाले, अहवालात रेघा मारत नाहीत. पण मारली. दफ्तर एक झाल्याचा मला आजवर धाकच वाटत होता. आज त्याचे उपकार वाटले. जुनी ओळ जितक्या झटकन तिन्हीकडे पोचली होती, तितक्याच झटकन ही पोचली. तुमच्या रुग्णालयातही कालच गेली असणार.

तुम्ही परत पाठवलेलं प्रशस्तिपत्र मी आज फाडून टाकलं. त्यात मी तुम्हाला ‘प्रामाणिक व आज्ञाधारक’ म्हटलं होतं. त्यातला दुसरा शब्द आठवला की मान खाली जाते.

तुमचा,
भाऊजी


शनिवार, ३ मे

प्रिय वहिनी,

आज टपाल आलं. पाकीट जाड होतं, म्हणून कचेरीत न फोडता धक्क्यावर घेऊन गेलो. कप्तान इंजिन उघडून बसला होता, त्याला पाठ करून उभा राहिलो.

सात तारखेच्या पत्राची झेरॉक्स आहे. झेरॉक्स, मूळ पत्र नाही. प्रत्येक परिच्छेदाला खूण आहे. किल्ल्यांच्या ओळीला आहे, दादाच्या ओळीला आहे, ‘घरचं माणूस म्हणून विश्वास टाकला’ यालाही आहे, आणि तिथे पेन्सिल जराशी थांबलेली दिसते. एकच गोल आहे. तो ‘कुणी नाही. सोय म्हणून मीच केलं’ या तुमच्या वाक्याला आहे, आणि त्याच्या शेजारी तुम्ही तुमचीच आद्याक्षरं घातली आहेत. स्वतःकडून खुलासा मागणारा हिशेबनीस मी तरी दुसरा पाहिला नाही. शिवाय तुम्ही कपाटापासून टेबलापर्यंतची सहा पावलं खोडून आठ केली आहेत. आज मोजून बघितली. आठच आहेत.

आणि कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात, ‘मूळ ठेवली’.

मी ते दोन शब्द किती वेळा वाचले ते सांगत नाही. पाच वर्षं तुम्ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसलात, दादानंतर सगळं घर सावरलंत, आणि मी तुमचं असं काही जपून ठेवल्याचं मला आठवत नाही. तुम्ही माझं पत्र ठेवलंत. मला रडू आलं, वहिनी. कप्तानाने विचारलं, ‘डोळ्यात काय गेलं?’ म्हटलं, डिझेलचा धूर. इंजिन बंद होतं.

झेरॉक्सच्या मागे आणखी एक घडी होती. उघडली तर चिठ्ठी. ‘बुध-गुरु दाखवा. डिझेल तिघांत. बाकी मी बघतो.’ माझीच सही, आणि कागद घडीवर पिवळा पडलेला. ती मात्र तुम्ही मूळ पाठवलीत, प्रतसुद्धा काढून ठेवली नसणार, मी तुम्हाला ओळखतो. एवढी वर्षं पर्समध्ये घेऊन हिंडलात आणि आता मला परत दिलीत, म्हणजे आता ती माझ्याविरुद्ध नको आहे असं मी समजतो. समजण्यात चूक असेल तर गोल करून पाठवा.

पुतणीचा काल फोन आला. सोमवारपासून तुम्ही रुग्णालयात रुजू होताय. मी म्हटलं, तिथल्या लोकांना सांग, पावतीवर काही खाडाखोड करू नका, चांगलं वागा, नाहीतर पत्रंसुद्धा तपासून येतील. ती खूप हसली. मग तिने हळूच सांगितलं की आई गेल्या पंधरवड्यात दोनदा म्हणाली, बुधवारी बोट किती वाजता सुटते ते विचार. सात वाजता सुटते, वहिनी. दर बुधवारी. मधल्या बाकावर डाव्या बाजूला तुम्ही बसायचात ती जागा सिस्टर कुणाला देत नाहीत, तिथे वजनाचा काटा ठेवतात. सुट्टी मिळेल तेव्हा काटा उचलू.

जूनमध्ये तपासणी आहे. कोणत्या दिवशी ते माहीत नाही, म्हणून मी आजच तयारी करून ठेवली. कपाटातून कच्ची वही काढली, नव्या बाईंकडून टाचणी मागून घेतली, आणि चिठ्ठी पहिल्या पानाला लावून टाकली. नवी भोकं पाडावी लागली नाहीत.

तुमचा,
भाऊजी